रात्रीचा बिल्ड

सकाळी सहा

आमचा रात्रीचा बिल्ड दोन वाजून सतरा मिनिटांनी सुटतो. फाइलमध्ये ती वेळ २० वाजून ४७ मिनिटं अशी लिहिलेली आहे, कारण गिटहब अ‍ॅक्शन्सचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं आणि ती आपल्या साडेपाच तास मागे. तासाच्या ठोक्याला जगभरातली कामं एकदम रांगेत येतात आणि खोळंबा होतो, म्हणून अडनिडी वेळ निवडली आहे. रत्नागिरीत, नाचण्यातल्या घरात आम्ही झोपलेलो असतो तेव्हा कुठल्या तरी दूरच्या इमारतीतली लिनक्स, विंडोज आणि मॅकची यंत्रं आमची लायब्ररी पहिल्यापासून बांधतात, तिची बाइंडिंग्ज बांधतात आणि बांधलेली प्रत्येक गोष्ट कोऱ्या यंत्रावर उतरवून तपासतात. चहाचं आधण ठेवून मी निकाल बघते.

आज तक्त्यातली एक चौकट लाल आहे. मॅक, एआरएम प्रोसेसर, पायथन ३.१२, अनेक थ्रेडची टेस्ट. बाकी सगळं हिरवं.

एक लाल चौकट मला दहा लाल चौकटींपेक्षा गंभीर वाटते. दहा ठिकाणी एकदम मोडलं तर कारण बहुधा ढोबळ असतं: एखादी फाइल सुटली, एखाद्या साधनाची आवृत्ती बदलली. कालपर्यंत चालणाऱ्या एकाच ठिकाणी मोडलं, तर चूक सगळीकडे आहे आणि दिसली फक्त इथे, असं धरून चालावं लागतं. अशा वेळी पुन्हा चालवायचं बटण दाबून चौकट हिरवी करून घेण्याची सवय पुष्कळांना असते. आमच्या गटात नियम आहे की आधी लॉग वाचायचा, मग बटण.

साडेसात

पाऊस रात्रीपासून लागून राहिलेला. सातच्या सुमारास लाइट गेली. इन्व्हर्टरवर राउटर आणि माझा लॅपटॉप एवढंच ठेवलंय, त्यामुळे सकाळ निघून जाते. पुण्यातली नोकरी सोडून इकडे आले तेव्हा अनेकांनी हाच प्रश्न विचारला होता, पावसाळ्यात काम कसं करणार म्हणून. जड काम माझ्या घरातलं यंत्र करतच नाही. मला लागते ती लॉग वाचण्यापुरती आणि कोड पाठवण्यापुरती लाइन.

काम काय ते सांगते. मराठी मजकूर कागदावर किंवा पीडीएफमध्ये नीट उमटण्यासाठी अक्षरं नुसती ओळीनं ठेवून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते पण आधी काढावी लागते, जोडाक्षरं जुळवावी लागतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो. हे जुळणीचं काम हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळीकडे तीच आहे. तिच्यावर आधारलेली आमची एक लायब्ररी आहे, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली, जी पानाची मांडणी करून पीडीएफ बनवते. पण ती वापरणारे लोक सी प्लस प्लस लिहीत नाहीत. कोणी पायथनमधून दाखले छापतं, कोणाची बिलांची यंत्रणा जावामध्ये असते, कोणी नोडवर वेबसाइट चालवतं. त्यांच्या भाषेतून आमच्या लायब्ररीला हाक मारता यावी म्हणून मधे जो थर लागतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. तो थर सांभाळणं ही माझी जबाबदारी.

या थरात हुशारीचं काही दिसत नाही. एका बाजूनं आलेली विनंती दुसऱ्या बाजूला द्यायची आणि उत्तर परत आणायचं. पण दोन्ही बाजूंचे नियम वेगळे असतात. एका बाजूला मेमरी हातानं घ्यायची आणि हातानं सोडायची. दुसऱ्या बाजूला ती आपोआप सुटते. एका बाजूला चूक झाली की आकडा परत येतो, दुसऱ्या बाजूला एक्सेप्शन उडतं. अक्षरं मोजायची पद्धतही वेगळी. या सीमेवर झालेली चूक ना लायब्ररीच्या टेस्टमध्ये सापडते, ना वापरणाऱ्याच्या. म्हणून तिथे स्वतंत्र टेस्ट लागतात, आणि त्या माणसानं आठवण ठेवून चालवायच्या नसतात.

नऊ

लॉगमध्ये सेगमेंटेशन फॉल्ट. पायथनचं फॉल्टहँडलर चालू ठेवलेलं असल्यामुळे कुठल्या थ्रेडमध्ये काय चाललं होतं हे तरी दिसलं. एक थ्रेड मजकुराची जुळणी करत होता, दुसरा फॉन्ट उघडत होता.

माझ्याकडे मॅक नाही. तेच यंत्र मिळवायच्या मागे लागण्यापेक्षा इथल्या लिनक्सवर पायथन विकासक-मोडमध्ये चालवलं. या मोडमध्ये पायथन आपल्या मेमरीच्या प्रत्येक घेण्या-देण्यावर पहारा बसवतं. कार्यक्रम थोडा चालला आणि थांबला: जीआयएल हातात नसताना पायथनच्या मेमरीला हात लावला गेला, असा स्पष्ट शेरा देऊन. म्हणजे मॅकचा दोष नव्हता, एआरएमचाही नव्हता. इतर यंत्रांवर वेळ जुळून येत होती, एवढंच.

जीआयएल म्हणजे पायथनमधलं एक कुलूप. ज्या थ्रेडच्या हातात ते आहे, त्यानंच पायथनच्या वस्तूंना स्पर्श करायचा. आमची जुळणी चालू असते तेव्हा तिला पायथनची गरज नसते, म्हणून आम्ही कुलूप सोडून देतो, म्हणजे बाकीचे थ्रेड खोळंबत नाहीत. हजारो दाखले एकदम छापणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे. आता फॉन्ट. फॉन्टचे बाइट पायथनच्या मालकीचे असतात आणि हार्फबझ ते उसने घेते. देताना सोबत एक फंक्शन द्यायची सोय आहे: तुझं काम संपलं की याला बोलव. आमचं बाइंडिंग त्या फंक्शनमध्ये पायथनला सांगतं की आता हे बाइट सोडले तरी चालेल.

लग्नघरी शेजारपाजारहून भांडी आणतात तेव्हा कुठलं पातेलं कुणाचं आणि ते परत कोण करणार, हे आधी ठरलेलं असतं. ते ठरलं नाही की एकतर पातेलं हरवतं किंवा दोघं जण तेच परत करायला जातात. मेमरीतही हेच दोन प्रकार घडतात. आमच्याकडे ठरलेलं होतं. ठरलेलं नव्हतं ते हे, की परत करणारा कुठल्या दारानं येणार.

लायब्ररीत फॉन्टची एक कॅश आहे. ती भरली की सगळ्यात जुना फॉन्ट बाहेर काढला जातो. जुळणी चालू असताना, म्हणजे कुलूप सोडलेलं असताना कॅश भरली, तर फॉन्ट तिथेच सुटतो, ते फंक्शन तिथेच बोलावलं जातं, आणि कुलूप हातात नसताना पायथनच्या वस्तूला धक्का लागतो. रोजच्या वापरात दोनचार फॉन्ट असतात, कॅश भरतच नाही. आमच्या रात्रीच्या टेस्टमध्ये मुद्दाम पुष्कळ फॉन्ट उघडलेले असतात, म्हणून ती भरली आणि एका यंत्रावर वेळ बरोबर चुकली.

साडेदहाच्या आत मी एक छोटी टेस्ट लिहिली. कॅश चारच फॉन्टची, थ्रेड आठ, आणि फॉन्ट सतत बदलत राहणारे. ती सर्व्हरवर पाठवली. दहा-पंधरा मिनिटांत पायथनच्या झाडून सगळ्या चौकटी लाल झाल्या. दुरुस्तीला हात लावायच्या आधी मला हेच हवं असतं. जी टेस्ट जुन्या कोडवर सगळीकडे पडत नाही, ती नव्या कोडवर पास झाली तरी तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

अकरा

पावस गावाहून येणारी एसटी आज उशिरा आली. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी इंटर्न म्हणून आमच्या गटात काम करते. बुधवारी ती घरी येते. छत्री असूनही भिजलेली. आईनं आधी टॉवेल दिला, मग घावणे आणि चहा.

"ताई, त्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत जीआयएल घेतला की झालं की," लॉग बघून ती म्हणाली.

सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढं पुरतंही. मी तिला कागदावर दोन थ्रेड काढायला सांगितले. पहिल्या थ्रेडनं कॅशचं कुलूप धरलंय आणि जुना फॉन्ट सोडतोय. आता त्याला जीआयएल हवा. दुसऱ्या थ्रेडच्या हातात जीआयएल आहे आणि त्याला नवा फॉन्ट कॅशमध्ये टाकायचाय. त्याला कॅशचं कुलूप हवं. तिनं बाण काढले आणि पेन्सिल थांबली.

"दोघं एकमेकांची वाट बघत बसणार."

बरोबर. आणि तशी अडकलेली प्रक्रिया कोसळत नाही, चूक सांगत नाही, नुसती उभी राहते. कोसळण्यापेक्षा ते वाईट. छपाईला लावलेलं काम सकाळपर्यंत तसंच पडलेलं असतं आणि कारण कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून दुरुस्ती दोन पायऱ्यांत केली: कॅशच्या कुलपाखाली फक्त कुठले फॉन्ट काढायचे ते बाजूला काढून ठेवायचे, कुलूप सोडायचं, आणि मग जीआयएल घेऊन ते खरोखर सोडायचे. सी प्लस प्लसचा भाग मी लिहिला, टेस्ट तिनं वाढवली: ठरलेल्या वेळात संपली नाही तर अडकली असं समजून सगळ्या थ्रेडची स्थिती लॉगमध्ये ओतायची.

मग तिनं विचारलं की हे बाइंडिंग हातानं लिहायचंच कशाला, हेडर फाइल वाचून यंत्राला का नाही लिहू द्यायचं. हा प्रश्न तिच्या वयाइतका तरी जुना आहे. डेव्हिड बीझली यांनी लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत १९९५ साली स्विग लिहायला घेतलं ते याचसाठी: सीची घोषणा वाचून दुसऱ्या भाषेचा थर आपोआप तयार करणारं साधन. आपल्याकडचं उदाहरण मुंबईतलंच आहे. पवईला आयआयटीत शिकवणाऱ्या प्रभू रामचंद्रन यांनी मायावी हे त्रिमितीय चित्रणाचं सॉफ्टवेअर उभं केलं. त्याच्या पोटात टीव्हीटीके नावाचा थर आहे. व्हीटीके या सी प्लस प्लस लायब्ररीतल्या शेकडो क्लासना पायथनच्या चालीरीतीत बसवणारा हा कोड माणसानं लिहिलेला नाही; बिल्डच्या वेळी एक प्रोग्रॅम व्हीटीकेचे क्लास तपासतो आणि तो लिहून काढतो. शेकडो क्लासचं काम हातानं केलं असतं तर व्हीटीकेच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला कुणीतरी महिनोन्महिने बसून राहिलं असतं.

तेव्हा रुंदी हवी असेल तर निर्मिती यंत्रानंच करावी, असं माझं मत आहे. अडचण एका ठिकाणी येते. हेडरमध्ये पॉइंटर दिसतो, त्याची मेमरी कुणी सोडायची ते दिसत नाही. हार्फबझच्या कोडमध्ये फंक्शनच्या वरच्या टिपणीत मालकी हस्तांतरित होते की नाही हे ठरावीक शब्दांत लिहिलेलं असतं, यंत्राला वाचता येईल असं. लायब्ररी लिहिणाऱ्यानं एवढे कष्ट घेतले तर पुढच्या सगळ्या भाषांची सोय होते. आमच्या लायब्ररीत आम्ही तीच पद्धत धरली आहे. ती टिपणी नसलेलं नवं फंक्शन आलं की बिल्ड तिथेच थांबतो. पण आज जे सापडलं, सोडायचं कुणी हे माहीत असून कुठल्या थ्रेडवर हे माहीत नसणं, ते त्या टिपणीत मावत नाही. त्याला टेस्टच लागते.

दुपारी दीड

टाकळ्याची भाजी, आमटी-भात, सुकटीची चटणी. मासेमारी बंद असल्यामुळे मिरकरवाड्याची ताजी मासळी नाही. लाइट एक वाजता आली. सगळी उपकरणं चार्जिंगला लावली.

अडीच

दुरुस्तीचा बिल्ड सुटला. तो संपेपर्यंत तक्ता आवरायला घेतला.

पायथनच्या पाच आवृत्त्या आम्ही सांभाळतो, ३.१० ते ३.१४. लिनक्स दोन जातींचा, ग्लिबसीवाला आणि मसलवाला, आणि प्रत्येकी दोन प्रोसेसर, मॅकचे दोन प्रोसेसर, विंडोज एक. असे सात मंच. प्रत्येक आवृत्तीला प्रत्येक मंचावर वेगळं व्हील, म्हणजे बांधून तयार पॅकेज, बांधायचं तर ३५, आणि ३.१४ चा जीआयएल नसलेला प्रकार धरला तर ४२. यातून वाट काढायला पायथननं स्थिर एबीआय दिला आहे: त्याच्या मर्यादेत राहून बांधलेलं एक व्हील पुढच्या सगळ्या आवृत्त्यांवर चालतं. बाइंडिंगसाठी आम्ही नॅनोबाइंड वापरतो, त्यात ही सोय ३.१२ पासून मिळते. म्हणजे ३.१० आणि ३.११ ची वेगळी, ३.१२ पासून पुढे एक, आणि जीआयएल नसलेल्याचं स्वतंत्र. प्रत्येक मंचावर चार, एकूण २८. बांधणी कमी झाली तरी टेस्ट कमी करायच्या नाहीत, हे मी ठामपणे सांगते. एकच व्हील पुढच्या आवृत्त्यांवर चालतं हे आश्वासन आहे, आणि आश्वासन प्रत्येक आवृत्तीवर चालवूनच खरं ठरतं.

नोडला याच धर्तीवर नोड-एपीआय आहे. जावामध्ये गेली पंचवीसहून जास्त वर्षं जेएनआय होतं. मार्च २०२४ च्या जावा २२ मध्ये परक्या फंक्शनांना हाक मारायची नवी सोय कायमची झाली आणि हातानं लिहायचा सीचा बराचसा थर गेला. पण वापरणाऱ्यांची जावा जुनी असते, म्हणून आमच्याकडे दोन्ही वाटा चालू आहेत.

मुलीला मी बांधणी आणि तपासणीच्या मधली पायरी दाखवली, कारण कॉलेजात ती कुणी शिकवत नाही. टेस्ट ज्या फोल्डरात कोड आहे तिथे कधीच चालवायच्या नाहीत. तिथे सगळं हाताशी असतं: कंपायलर असतो, हेडर असतात, नुकत्याच बांधलेल्या फाइल असतात. व्हीलमध्ये एखादी लायब्ररी भरायची राहिली असली तरी ती शेजारच्या फोल्डरातून सापडते आणि टेस्ट पास होते. मग ते व्हील दुसऱ्याच्या यंत्रावर पहिल्याच ओळीला मोडतं. म्हणून बांधून झालेलं व्हील उचलायचं, ज्यात पायथनशिवाय काही नाही अशा कोऱ्या कंटेनरमध्ये न्यायचं, तिथे पिप या पायथनच्या साधनानं बसवायचं आणि तिथेच तपासायचं. सगळ्या मंचांवरची बांधणी सीआयबिल्डव्हील हे साधन करून घेतं. लिनक्सवर ऑडिटव्हील, मॅकवर डीलोकेट आणि विंडोजवर डेल्व्हव्हील ही साधनं बाहेरच्या लायब्रऱ्या व्हीलच्या आत भरून घेतात.

लिनक्सची गंमत वेगळी. नव्या लिनक्सवर बांधलेलं जुन्यावर चालत नाही, पण जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. म्हणून २०१६ मध्ये, बहुतेक लिनक्सवर चालेल अशा व्हीलसाठी, मेनीलिनक्सचा पहिला करार झाला तेव्हा बांधणीसाठी मुद्दाम सेंटओएस ५ घेतलं होतं. नंतरच्या मेनीलिनक्स२०१४ नं सेंटओएस ७ घेतलं. त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला, आणि आता आम्ही अल्मालिनक्स ८ वर उभ्या असलेल्या मेनीलिनक्स २.२८ वर बांधतो.

"पण ज्याला हवं तो आपल्या यंत्रावर कंपाइल करून घेईल ना?" तिनं विचारलं.

मी तिला लांज्याच्या बाजूच्या एका कॉलेजातली प्रयोगशाळा आठवायला सांगितली. ती तिथूनच शिकून आली आहे. विंडोजची यंत्रं, काही सॉफ्टवेअर बसवायचं तर प्रशासकाचा पासवर्ड लागतो, नेट दुपारी असतं आणि नसतं. तिथे कुणी पिपनं एखादी लायब्ररी मागवली आणि तिचं तयार व्हील नसलं, की पिप ती कंपाइल करायला निघतं. कंपायलर नसतो. पूर्वी अशा वेळी विंडोजवर व्हीसीव्हर्सऑल नावाची फाइल सापडत नाही असा संदेश यायचा. पायथन शिकायला बसलेल्या माझ्या पिढीतल्या किती जणांचा अभ्यास त्या एका ओळीपाशी थांबला असेल. मुलांना वाटायचं की आपलंच काहीतरी चुकतंय. चुकलेलं काही नसायचं. त्यांच्या यंत्रासाठी कुणी आधी बांधून ठेवलेलं नव्हतं, एवढंच.

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं हे फार आधी ओळखलं. सायलॅब वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना इष्टतमीकरणाची गणितं करता यावीत म्हणून त्यांनी कॉइन-ओआरच्या सी प्लस प्लस लायब्रऱ्यांना सायलॅबशी जोडणारा टूलबॉक्स काढला. गावातल्या कॉलेजातल्या मुलानं टूलबॉक्स बसवायचा आणि फंक्शनला हाक मारायची. खाली कुठली लायब्ररी, ती कशी बांधली, याचं ओझं त्याच्यावर नाही. माझ्या कामाचं मोजमाप मी याच मुलावरून करते. २८ व्हीलपैकी विंडोजचं व्हील रात्री मोडलं आणि ते सकाळी मला कळलं नाही, तर त्याचा दिवस वाया जातो, आणि तो मला पत्र लिहून कळवतही नाही. तो दुसरं काहीतरी शोधतो किंवा सोडून देतो.

साडेचार

दुरुस्तीच्या चौकटी एकेक करून हिरव्या झाल्या. सकाळच्या मॅकवर ती टेस्ट लागोपाठ पुष्कळदा चालवायला लावली आहे, ती अजून चाललीय.

दरम्यान अक्षरमोजणीच्या टेस्ट. 'रत्नागिरी' या शब्दात युनिकोडचे ९ संकेत आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. आमची लायब्ररी बाइट मोजते. 'गि' कुठे सुरू होतो असं विचारलं तर ती १५ सांगते. पायथनच्या माणसाला ५ हवेत, कारण तो संकेत मोजतो. जावा आणि नोड यूटीएफ-१६ चे घटक मोजतात. त्यांनाही इथे ५ च हवेत. देवनागरीत पायथनची आणि जावाची मोजणी जुळते, आणि धोका तिथेच आहे: मोजणी बदलून देणारा कोड चुकीचा असला तरी देवनागरीच्या सगळ्या टेस्ट पास होतात.

म्हणून आमच्याकडे मोडीच्या टेस्ट आहेत. मोडी २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आली आणि तिला मूळ ६५,५३६ जागांच्या पलीकडचा प्रदेश मिळाला. तिथलं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये चार बाइटचं, यूटीएफ-१६ मध्ये दोन घटकांचं आणि पायथनसाठी एक. तिन्ही मोजण्यांची तीन वेगळी उत्तरं येतात आणि चुकीच्या कोडला लपायला जागा राहत नाही. इमोजीनंही हे साधतं, बहुतेक गट तेच करतात. पण कोकणातल्या जुन्या जमिनींचे आणि घराण्यांचे कागद मोडीत आहेत, ते डिजिटल करणारे लोक उद्या हीच लायब्ररी वापरतील. त्यांची लिपी आमच्या तक्त्यात आजपासून असली पाहिजे असं मला वाटतं. आज आम्ही देवनागरी आणि मोडी एकाच ओळीत मिसळलेली एक टेस्ट वाढवली. ती तिन्ही भाषांत पहिल्याच फेरीत पास झाली.

सव्वापाचला मुलगी निघाली. भाट्याच्या पुलावरून जाणारी सहाची गाडी तिला गाठायची होती.

सहा

बाहेरच्या एका माणसानं सुधारणा पाठवली आहे. कोड नेटका आहे. सोबत टेस्टसाठी एक फॉन्टफाइल जोडलीय, तयार, बायनरी.

ती मी घेणार नाही, आणि का ते त्याला सविस्तर लिहिलं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत चोरवाट सापडली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ लागतोय असं दिसलं, त्यानं पाठपुरावा केला आणि २९ मार्चला ते उघड केलं. घातक भाग लायब्ररीच्या कोडमध्ये लिहिलेलाच नव्हता. तो टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलमध्ये होता आणि बिल्डची स्क्रिप्ट तो बाहेर काढून जोडत होती. स्वयंचलित बांधणी आणि टेस्ट, म्हणजे ज्यावर माझा सगळा भर आहे, तीच वाट हल्लेखोरानं निवडली होती.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. बांधणी चालते तिथे टेस्टच्या फाइल नसतातच. त्या दुसऱ्या टप्प्यात, दुसऱ्या यंत्रावर येतात. आणि टेस्टचे फॉन्ट कुणाकडून घ्यायचे नाहीत. नोटोसारख्या मुक्त फॉन्टची नेमकी आवृत्ती हॅश तपासून उतरवायची आणि लागणारी अक्षरं फॉन्टटूल्सनं कापून घ्यायची, तेही बिल्डमध्येच. पाठवणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही, हेही त्याला लिहिलं. कुठली अक्षरं हवीत ते सांगितलंस तर फॉन्ट आमचा बिल्ड कापून घेईल.

प्रकाशनाच्या वेळी, पायथनची पॅकेजं जिथे चढवतात त्या पायपीआयचा पासवर्ड आमच्यापैकी कुणाकडेच नसतो, हाही त्यातलाच भाग. २०२३ पासून पायपीआय ठरलेल्या भांडारातल्या ठरलेल्या वर्कफ्लोला तेवढ्यापुरती परवानगी देतं. माझा लॅपटॉप कुणी उचलून नेला तरी त्यातून व्हील चढवता येणार नाही.

रात्री साडेनऊ

नवी आवृत्ती आज जायची होती. दाखले छापणाऱ्या एका गटानं थ्रेडचा वेग वाढल्याचं ऐकून ती मागितली आहे. मॅकवरची टेस्ट आठ वाजता संपली, एकदाही न पडता. तरी आवृत्ती आज काढली नाही. आजचा बदल अजून एकाही रात्रीच्या बिल्डमधून गेलेला नाही, आणि रात्रीचा बिल्ड जे बघतो ते दिवसाच्या छोट्या फेरीत बघितलं जात नाही. त्या गटाला तसं कळवलं. उद्या दुपारपर्यंत थांबायला ते तयार आहेत.

राहिला प्रश्न जावाचा. फॉन्ट सोडणारं फंक्शन जावाला माहीत नसलेल्या थ्रेडवरून बोलावलं गेलं, तर तो थ्रेड आधी जावाच्या यंत्रणेला जोडून घ्यावा लागतो. नोडमध्ये तर जावास्क्रिप्टच्या वस्तूंना मुख्य थ्रेडशिवाय कुणी हात लावायचाच नाही. दोन्हीकडची बाइंडिंग्ज हे पाळतात असं कोड वाचून दिसतं. पण तशी टेस्ट दोन्हीकडे नाही, आणि पायथनच्या बाबतीत जे सकाळी सहाला कळलं ते इथे कळायला काही मार्ग नाही. झोपायच्या आधी मुलीला पावसला निरोप पाठवला: नोडचं मी बघते, जावाची टेस्ट तू लिही. आधी पायथनची टेस्ट वाचून घे, मग तशीच कर. कॅश चारच फॉन्टची ठेव, नाहीतर ती भरणार नाही आणि टेस्ट उगाच हिरवी राहील. आणि थ्रेड जोडायची ओळ एकदा काढून टाकून ती खरंच लाल होते का ते बघितल्याशिवाय मला पाठवू नकोस.